प्रोजेक्ट मॅनेजमेंटची डिग्री अप्रेंटिसशिप: आधी नोकरी पारखा, मग विद्यापीठ

प्रश्न: आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. मुलगी इयर ट्वेल्व्हला, म्हणजे आपल्या अकरावीला आहे. गणित, भूगोल आणि बिझनेस घेतलंय. शाळेत कुणीतरी येऊन प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या डिग्री अप्रेंटिसशिपबद्दल सांगून गेलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. ह्यांचं म्हणणं, पदवी घ्यायची तर रीतसर विद्यापीठात जाऊन घे, शिकाऊ उमेदवारी कशाला? ही पदवी खरी असते का? यात नेमकं शिकवतात काय? आम्ही अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, तिला चालेल का? माझा भाचा सांगलीला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तोही येऊ का म्हणून विचारतोय.

उत्तर:

ताई, पदवी खरी असते. बीएससी ऑनर्स, इतर मुलांना मिळते तीच, त्याच विद्यापीठाच्या शिक्क्याची. त्यामुळे तुमच्या घरातला वाद भलत्याच मुद्द्यावर अडकलाय. विचार करायचा तो नोकरीचा. या वाटेनं जाणाऱ्या मुलांना प्रवेश विद्यापीठ देत नाही, कंपनी देते. कंपनीनं विद्यापीठ आधीच ठरवलेलं असतं. मुलगी कंपनीत अर्ज करते, मुलाखत देते, पगारावर रुजू होते, आणि मग कंपनी तिला शिकायला पाठवते. म्हणजे तुम्ही बसून विद्यापीठांची यादी लावत असाल, तर ती बाजूला ठेवा. चार वर्षं ती कोणाच्या हाताखाली, कुठल्या कामावर घालवणार, यावर सगळं ठरतं.

मी इथे रेल्वे आणि पाणीपुरवठ्याच्या कामांवर बरीच वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे. अप्रेंटिस मुलांच्या निवडीला बसतो, हाताखाली घेतो, त्यातली काही पुढे माझ्या बरोबरीला येऊन बसलेलीही पाहिली आहेत. तेवढ्या जोरावर सांगतो.

आधी पैशाचं. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ मध्ये सुरू झाल्या, पण कंपन्या जाग्या झाल्या त्या एप्रिल २०१७ पासून. तेव्हा अप्रेंटिसशिप लेव्ही लागू झाली: वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर असेल, तर त्यावरच्या रकमेच्या अर्धा टक्का बाजूला काढायचा आणि तो अशा प्रशिक्षणावर खर्च करायचा. मुदतीत खर्च नाही झाला तर हातचा गेला. म्हणून मोठ्या कंपन्या उत्साहानं मुलं घेतात, यात धर्मादाय काही नाही. तुमच्या मुलीला फीचा एक पेनी भरावा लागणार नाही. हीच पदवी नेहमीच्या वाटेनं करायची तर २०२५-२६ मध्ये देशी विद्यार्थ्याला वर्षाला ९,५३५ पौंड फी होती, आणि राहणं-खाणं वेगळं.

आपल्या लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बाँड आहे का? नाही. प्रशिक्षणाचा खर्च शिकणाऱ्याकडून मागायचा नाही, तो मध्येच सोडून गेला तरी नाही, असा सरकारी पैशाचा नियमच आहे. पगाराचा कायदेशीर तळ मात्र खाली आहे: एप्रिल २०२५ मध्ये अप्रेंटिसचा किमान दर ताशी ७ पौंड ५५ पेन्स होता. अभियांत्रिकी, संरक्षण, अणुऊर्जा अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्या याच्या बऱ्याच वर देतात; जाहिरातीतला आकडा बघा. दोन बारीक गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. ती कायद्यानं कर्मचारी असते, विद्यार्थिनी नाही. त्यामुळे वेगळं घर घेऊन राहिली तर विद्यार्थ्यांना असते तशी काउन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची माफी तिला मिळेलच असं नाही. आठवड्याचा पगार १९५ पौंडांच्या आत असेल तरच अप्रेंटिसला सूट आहे. आणि तुम्ही तिच्यासाठी चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, घेत असाल, तर तो बंद होतो.

आता शिकवतात काय, ते सांगतो.

चार वर्षांचा हिशेब धरा. कामाच्या वेळातला ठरावीक भाग शिकण्यासाठी राखलेला असतो, पगारी. सुरुवातीला तो एकपंचमांश होता, म्हणून लोक अजूनही 'वीस टक्के' म्हणतात. ऑगस्ट २०२२ नंतर आठवड्याला किमान सहा तास असं मोजायला लागले, आणि ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमाचे किमान तास ठरवून दिलेत. कुठे आठवड्यातला एक दिवस कॉलेज असतं, कुठे दर काही महिन्यांनी सलग आठवडाभर विद्यापीठात बसवतात. दुसरा प्रकार मला बरा वाटतो. एक दिवसवाल्यांचा तो दिवस कामाच्या गर्दीत हळूहळू खाल्ला जातो.

पहिल्या वर्षी ती प्रोजेक्ट मॅनेज वगैरे करणार नाही. मीटिंगची मिनिट्स लिहील, ॲक्शन लॉग, म्हणजे कुणी काय करायचं याची यादी, सांभाळेल, प्रायमाव्हेरा नाहीतर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधल्या वेळापत्रकात तारखा भरेल, ठेकेदाराला "कागद कुठे आहेत" म्हणून तिसऱ्यांदा फोन करेल. बरीच मुलं इथेच वैतागतात: ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, चांगले ग्रेड मिळवून ही कारकुनी कशाला? पण याच कारकुनीत हा धंदा शिकता येतो, अट एवढीच की शेजारी बसून कुणी शिकवणारं हवं.

रिस्क रजिस्टरचंच, म्हणजे कामात काय बिघडू शकतं त्याच्या यादीचंच घ्या. नवी मुलं त्यात लिहितात, "पावसामुळे उशीर होण्याची शक्यता." हे वाचून कुणी काही करू शकत नाही, इंग्लंडात पाऊस पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मग मी ते परत पाठवतो. दुसऱ्या फेरीत येतं, "जमिनीखालच्या वाहिन्यांमुळे काम थांबू शकतं." जरा सुधारलं. तिसऱ्या फेरीत, साइटवरच्या मुकादमाशी बोलून आल्यावर, असं येतं: "या रस्त्याखालच्या जुन्या गॅसवाहिनीची जागा नकाशावर खात्रीची नाही, खोदताना ती अनपेक्षित लागली तर गॅस कंपनी येईपर्यंत काम थांबेल, अंदाजे दोन आठवडे, त्याआधी तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यायचे, जबाबदारी साइट इंजिनिअरची, तारीख अमुक." कारण, घटना, परिणाम, उपाय, माणूस, तारीख. वर्गात हा साचा अर्ध्या तासात शिकवून होतो. पण गॅसवाहिनीबद्दल मुकादमाला विचारायला हवं, हे वर्गात सुचत नाही.

किंवा हे बघा. चार लाख पौंडांचं काम आहे. सहा महिन्यांत निम्मं, म्हणजे दोन लाखांचं, व्हायला हवं होतं. खर्च झालाय १ लाख ८० हजार. नवखा अप्रेंटिस अहवालात लिहितो, "बजेटमध्ये वीस हजारांची बचत," आणि शेजारी 'सगळं ठीक' असा हिरवा ठिपका लावतो. साइटवर जाऊन मोजलं तर काम झालंय ४० टक्केच, म्हणजे १ लाख ६० हजारांचं. बचत कसली! आपण प्रत्येक पौंडामागे ८९ पेन्सचं काम काढतोय, आणि हाच वेग राहिला तर चार लाखांचं काम साडेचार लाखांवर जाणार. या हिशेबाला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात, गणित सातवीचं आहे. अवघड आहे तो हिरवा ठिपका लाल करून वरच्या माणसासमोर ठेवणं, तेही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं. लंडनच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाचा मधला टप्पा डिसेंबर २०१८ मध्ये उघडणार होता. तो वेळेवर उघडणार नाही, हे जाहीर झालं ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस, जेमतेम तीन-साडेतीन महिने आधी. प्रवासी बसले ते २४ मे २०२२ ला. एवढा उशीर एका उन्हाळ्यात तयार होत नाही. वाईट बातमी कागदावर वेळेत आणायची सवय लावणं, हे या शिक्षणातलं सर्वांत महागडं कौशल्य, आणि ते शिकवतं कोण, तर तुमचा मॅनेजर तो लाल ठिपका बघून तुमच्याशी कसा वागतो ते.

बाकीचं लवकर सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी छोटं काम स्वतंत्रपणे मिळतं, करार आणि खरेदी यांची ओळख होते, विद्यापीठात अर्थशास्त्र, कायदा, माणसांचं व्यवस्थापन असे विषय असतात. दर बारा आठवड्यांच्या आत मुलगी, मॅनेजर आणि विद्यापीठाचा शिक्षक असे तिघं बसून आढावा घेतात. आपण काय काम केलं त्याचे पुरावे फायलीत जमवत राहावे लागतात. हे काम जो रविवारवर ढकलतो तो चौथ्या वर्षी रडतो. शेवटी मूल्यमापन असतं, आणि तिथे परीक्षक सहसा तिच्याच प्रकल्पावरून तिला खोदून खोदून विचारतात. घोकंपट्टीला तिथे वाव नाही. याच काळात बऱ्याच कंपन्या असोसिएशन फॉर प्रोजेक्ट मॅनेजमेंटची, म्हणजे एपीएमची परीक्षाही देऊ देतात. ही इथली सनदी संस्था. २०१७ पासून तिला रॉयल चार्टर आहे, आणि पुढे पुरेसा अनुभव जमला की तिच्याकडून चार्टर्ड प्रोजेक्ट प्रोफेशनल होता येतं. हे लक्षात ठेवण्यासारखं.

तुमच्या यजमानांची शंका मी पूर्ण उडवून लावणार नाही. तिच्यात तथ्य आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. अठराव्या वर्षी नुसतं प्रोजेक्ट मॅनेजमेंट घेणं म्हणजे हाताशी दुसरा कुठलाच धंदा न ठेवता व्यवस्थापन शिकणं. साइटवर काँक्रीट सात दिवसांत किती ताकद धरतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ठेकेदार सहज गुंडाळतो. म्हणून ज्या मुलाला यंत्रं, इमारती, कोडिंग यांपैकी कशाचं तरी मनापासून वेड आहे, त्याला मी सांगतो की सिव्हिलची, मेकॅनिकलची किंवा सॉफ्टवेअरची डिग्री अप्रेंटिसशिप कर, दहा वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजर आपोआप होशील. तुमच्या मुलीचे विषय गणित, भूगोल आणि बिझनेस आहेत. तिला एकाच विषयाचं वेड नसेल, पण चार माणसांची कामं एकमेकांत बसवायला आवडत असेल, तर ही वाट तिच्यासाठी आहे. तिला हे विचारून बघा, आणि "मला मॅनेजर व्हायचंय" हे उत्तर धरू नका.

आणखी एक. तिच्या मैत्रिणी विद्यापीठात तीन महिन्यांची उन्हाळी सुट्टी घेतील, आणि हिला नोकरदाराची रजा. वसतिगृह नाही, फ्रेशर्स वीक नाही. नोव्हेंबरातल्या अंधारात साडेसहाची गाडी पकडून साइटवर, रात्री असाइनमेंट. मोडणारी मुलं अभ्यासानं नाही, या एकटेपणानं मोडतात. एकाच कंपनीत त्याच वर्षी बरोबरीनं घेतलेली पाच-सहा मुलं असतील तर हे खूप सुसह्य होतं. एकट्या अप्रेंटिसला घेणाऱ्या छोट्या कंपनीपेक्षा मी अशी तुकडी घेणारी कंपनी निवडेन. चार वर्षं जड वाटत असतील तर लेव्हल फोरची असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजर अप्रेंटिसशिप आहे, साधारण दोन वर्षांची. तीत पदवी मिळत नाही, पण धंद्यात पाय रोवता येतो, आणि पदवी नंतरही करता येते. आपल्या घरांमध्ये "पदवी नाही" म्हटल्यावर हा पर्याय ऐकूनच घेत नाहीत. ऐकून घ्यावा.

कंपनी पारखायची कशी? मुलाखतीच्या शेवटी "तुमचे काही प्रश्न?" विचारतात, तेव्हा मुलं लाजून "नाही" म्हणतात. तिथेच विचारायचं. पहिल्या वर्षी मी प्रत्यक्ष प्रकल्पावर बसणार की मुख्यालयातल्या प्रोजेक्ट ऑफिसात? विभाग बदलून मिळतात का? मागच्या तुकडीतली किती मुलं पूर्ण करून बाहेर पडली, आणि आज ती काय करतात? त्यांच्यातल्या कुणाशी बोलता येईल का? आणि सगळ्यात बोलका प्रश्न: प्रकल्पाची डेडलाइन आणि माझा कॉलेजचा दिवस एकाच दिवशी आला तर काय होतं? याचं उत्तर देताना समोरचा दोन क्षण थांबला, तर कॉलेजचा दिवस जातो, हे समजून घ्या. मंदीत कंपनीनं नोकरीच काढून टाकली तर काय, हीही भीती असते. पाऊण अभ्यासक्रम झाला असेल किंवा शेवटचे सहा महिनेच उरले असतील, तर पुढचं शिक्षण सरकारी पैशानं पूर्ण होतं; नाहीतर दुसरी कंपनी शोधायला बारा आठवडे मिळतात.

अर्जाचं वेळापत्रक विद्यापीठासारखं नाही, इथेच आपले पालक फसतात. यूकासची, म्हणजे विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेची, जानेवारीची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरवर असते. या जागा मात्र शरद ऋतूपासून निघायला लागतात, प्रत्येक कंपनीची तारीख वेगळी, आणि पुरेसे अर्ज आले की काही कंपन्या मुदतीआधीच खिडकी बंद करतात. इयर थर्टीनच्या सप्टेंबरमध्ये तिचा सीव्ही तयार हवा. सरकारच्या अप्रेंटिसशिप शोधायच्या सेवेवर तिनं खातं उघडावं, मोठ्या कंपन्यांची करिअरची पानं बघत राहावीत. यूकासचा अर्जही सोबत करावा. दोन्ही एकाच वेळी चालतं, आणि या जागांसाठी चुरस एवढी असते की एकाच दोरावर लटकणं बरं नव्हे.

मुलाखतीत "तुम्ही काहीतरी घडवून आणलं त्याबद्दल सांगा" हे येणारच. इथली मुलं ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डची, म्हणजे भटकंती आणि समाजसेवेसाठी मुलांना मिळणाऱ्या पुरस्काराची, तीच गोष्ट सांगतात, परीक्षकाला ती पाठ असते. तुमची मुलगी स्थानिक महाराष्ट्र मंडळात मदत करत असेल, तर यंदाच्या गणेशोत्सवात तिला नाचाच्या कार्यक्रमाऐवजी जेवणाचं किंवा हॉलचं काम द्या. हॉल रात्री दहाला रिकामा करायचा आहे, केटररला ताटांचा आकडा गुरुवारपर्यंत हवाय, नोंदणी १४० ची आणि येणार दोनशेच्या वर हे सगळ्यांना ठाऊक आहे, पैसे मात्र १४० जणांचेच जमलेत. ती काय करते, कुणाला विचारते, कुठला आकडा कळवते आणि का, हे तिनं त्याच रात्री लिहून ठेवावं. मुलाखतीला बसलेल्या माणसाला हे ऐकायचं असतं. "आय लेड अ टीम" हे वाक्य आम्ही दिवसाला वीसदा ऐकतो.

व्हिसाचं नीट वाचा, कारण यात तुमच्यासारख्या घरांचा फायदा आहे. विद्यापीठात तुमची मुलगी बहुधा परदेशी विद्यार्थ्यांच्या फीत जाईल, कारण देशी फी आणि स्टुडंट लोन यांसाठी सहसा कायम वास्तव्याचा दर्जा लागतो. अप्रेंटिसशिपचा नियम त्याहून मोकळा आहे: इथे राहायची परवानगी हवी आणि ती शिक्षणासाठी दिलेली नको, काम करायचा हक्क हवा, आणि आधीची सलग तीन वर्षं इथे वास्तव्य हवं. स्किल्ड वर्करच्या अवलंबित व्हिसावरची मुलगी यात बसू शकते. अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि व्हिसा दोन वर्षांत संपणारा असेल, तर कंपनी विचारणारच. नूतनीकरण आणि आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, केव्हा मिळणार, ते कागदावर तयार ठेवा. संरक्षण आणि अणुऊर्जेच्या कंपन्यांत सुरक्षा तपासणी असते. तिला सहसा पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि काही जागा ब्रिटिश नागरिकांपुरत्याच असतात. तिथे अर्ज करून वेळ घालवण्याआधी जाहिरातीची शेवटची ओळ वाचा. हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडमध्ये ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप म्हणून वेगळी व्यवस्था आहे.

आता भाचा. त्याला ही वाट बंद आहे. स्टुडंट व्हिसावर अप्रेंटिसशिप करता येत नाही, आणि तीन वर्षांच्या वास्तव्याची अट तो सांगलीत बसून पुरी करू शकत नाही. "यूकेमध्ये अप्रेंटिसशिप लावून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरायला सांगा. भारतात त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नॅट्स नावाची केंद्राची योजना चालते. ताज्या पदवीधराला किंवा डिप्लोमावाल्याला ती एक वर्षाची पगारी, म्हणजे स्टायपेंडची, उमेदवारी देते. पदवीतच एक-दोन सत्रं उमेदवारीची असावीत यासाठी यूजीसीनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्याच्या कॉलेजात तशी सोय आहे का, ते ट्रेनिंग-प्लेसमेंटवाल्यांना विचारावं. सिव्हिल हातात आहे, म्हणजे मघाशी म्हटलं ते "दुसरा धंदा नाही" हे संकट त्याला नाहीच.

पीएमपीच्या, म्हणजे पीएमआय या अमेरिकी संस्थेच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेच्या, जाहिराती बघून तो आत्ता क्लास लावायच्या तयारीत असेल, तर थांबवा. त्या परीक्षेला पदवीधराकडून ३५ तासांच्या प्रशिक्षणाबरोबर प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव मागतात. विद्यार्थ्यानं द्यायचीच असेल तर त्याच संस्थेची सीएपीएम आहे, तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. त्यापेक्षा पहिल्या नोकरीत साइट मिळवावी, ऑफिसातलं ड्रॉइंग टेबल नको. आणि कुठल्या कामावर, कुठल्या महिन्यात, काय जबाबदारी होती, वर कोण होतं, ते एका वहीत लिहीत जावं. तीन वर्षांनी पीएमपीचा अर्ज भरताना तेच सगळं विचारतात, आणि तोवर जुन्या साइटवरचा साहेब नोकरी बदलून गेलेला असतो.